नवी बॅटरी टाकली तरी सोमवारी गाडी मुकी : दोष बॅटरीचा की अल्टरनेटरचा?

कासारवडवलीकर
मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. शुक्रवारी रात्री सोसायटीच्या बेसमेंटला लावली आणि शनिवार-रविवार हलवली नाही, की सोमवारी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक-टक. डॅशबोर्डवरचे दिवेही मलूल होत होत विझतात. जुनी बॅटरी वयस्कर झालीच होती, म्हणून नवी ३५ अँपिअर-अवरची टाकली. थोडे दिवस छान गेले, मग पुन्हा तेच रडगाणं. रोज चालवली तर मात्र एका सेल्फमध्ये सुरू होते.

पहिल्या गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, १४.१ व्होल्ट आले. म्हणाला, "अल्टरनेटर गेलाय साहेब, नवा टाका, चौदा हजार." (अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र.) दुसऱ्याने तोच १४.१ बघून सांगितलं की अल्टरनेटर ठणठणीत आहे, बॅटरीच खराब निघाली. बॅटरीवाल्याने मशीन लावून 'पास'चा कागद छापून हातात दिला आणि गाडीच्या वायरिंगकडे बोट दाखवलं.

गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा कधीच लागत नाही. बेल्ट नुकताच बदललाय. बाकी एक फालतू तक्रार म्हणजे हल्ली एफएम लावला की गाण्यामागे बारीक कुईऽऽ असा आवाज येतो. स्टीरिओ जुना झाला असेल.

आता पैसे कोणावर घालू?

ढोलीतला_पोपट
सिद्धिविनायकाच्या दानपेटीत घाला. तिथे निदान दुसरं मत कोणी देणार नाही.

पाचपाखाडी
बॅटरीच. डोळे मिटून सांगतो. हल्लीच्या बॅटऱ्यांत दम राहिलेला नाही. आमच्या वडिलांच्या फियाटची बॅटरी वर्षानुवर्षं चालायची.

विद्युतमामा
पाचपाखाडी, तुमच्या फियाटला ओढायला होतं काय? दोन हेडलाइट, वायपर आणि एक हॉर्न. आताच्या गाडीत किल्ली खिशात घालून तुम्ही घरी जेवायला बसलात तरी बॅटरीवर जगणारी पाच-सहा यंत्रं जागी असतात.

धागाकर्ते, १४.१ हा एकटा आकडा काहीच ठरवत नाही. दोन्ही गॅरेजवाल्यांनी एकच मोजमाप केलं आणि तिघांनीही आपापल्या दुकानाला सोयीचं उत्तर काढलं. माझी उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमध्ये कारखान्यातल्या मोटारी आणि पॅनेल सांभाळण्यात गेली, गाड्यांचं वेड वेगळं. तेव्हा सांगतो ते करा. साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे-सातशेत मिळतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडून सकाळी पहिला आकडा घ्या. मीटर क्लॅम्पवर लावू नका, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर तळाला लागली समजा. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा फुगलेला येतो. अशा वेळी हेडलाइट मिनिटभर लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं.

मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि तुमचे डोळे मीटरवर ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती म्हातारी झाली. व्होल्टेज जागचं हलत नाही आणि इंजिनही फिरत नाही, तर स्टार्टर किंवा केबल बघायची.

तिसरा आकडा इंजिन चालू ठेवून, दीड-दोन हजार आरपीएमवर. १३.८ ते १४.५ अपेक्षित. तिथेच थांबू नका. हेडलाइट अपर, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं लावा. तरी साडेतेराच्या आसपास टिकला पाहिजे. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, बॅटरी उकळणार. कुजक्या अंड्यासारखा वास आला की तेच समजायचं.

हे आकडे इथे टाका. तोपर्यंत खिशाला हात लावू नका.

चकली
वाचनखूण साठवली. मामा, तुम्ही लेखमाला काढा.

खाडीकाठचा
मामांनी सगळं सांगितलं, पण आमच्या वाशीकडचा पहिला संशयित राहिला : टर्मिनल. खाडीच्या दमट हवेत बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरा-हिरवा भुगा जमतो. वरून फुंकर मारून उपयोग नाही, क्लॅम्प काढून आतला भाग बघा. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला की फेस येतो आणि भुगा सुटतो. मग खुंटी आणि क्लॅम्प दोन्ही घासून चकचकीत करायचे, घट्ट बसवायचे आणि वरून पेट्रोलियम जेली. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला की दिवाळी.

इंजिनाची अर्थची पट्टीही (इंजिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह जोडणारी) बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर वाटेत कुठेतरी गंज आहे. दिसायला वायर नवीकोरी असते आणि आत मुरलेली असते.

पिवळाफलक
एवढ्या शास्त्राची गरज नाही भाऊ. गाडी चालू करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर गेला. आमच्या उस्तादाने शिकवलेली युक्ती. पनवेल ते अंधेरी टॅक्सी चालवतो, हातात वेळ नसतो.

गावठी_इंजिनेर
पिवळाफलक दादा, तुमच्या उस्तादाला नमस्कार, पण ही युक्ती धाग्यावर वाचून कोणी करेल म्हणून जोरात सांगतो : करू नका!! कार्ब्युरेटरच्या गाडीत जळायला काही नव्हतं, म्हणून ती चालून गेली. चालू इंजिनात बॅटरी सोडवली की अल्टरनेटरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. क्षणभरात पन्नासच्याही वर उडी जाऊ शकते. त्यात इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), स्टीरिओ, पॉवर स्टीअरिंगचं कंट्रोल युनिट यातलं काय मरेल ते तुमच्या नशिबावर.

पिवळाफलक
आमची ओमनी कधी मेली नाही.

गावठी_इंजिनेर
जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ओमनीला ईसीयू होता तरी कुठे मरायला :)

विद्युतमामा
शिवाय त्या परीक्षेत इंजिन चालू राहिलं तरी निष्कर्ष निघत नाही. अर्धा अल्टरनेटरसुद्धा पेट्रोल इंजिनाची ठिणगी आरामात पुरवतो. म्हणजे जोखीम घेऊन हाती काय लागलं? काही नाही.

घोडबंदरी
माझं मत वेगळं आहे. दोष बॅटरीचाही नाही, अल्टरनेटरचाही नाही. दोष घोडबंदर रोडचा. कासारवडवलीहून निघायचं, मानपाड्याला गिअर बदलायचा, कापूरबावडीला वय वाढवायचं. दीड तास एसी, हेडलाइट, वायपर आणि इंजिन आयडलवर. कुठून होणार चार्जिंग? रविवारी सकाळी पडघ्यापर्यंत एक लांब चक्कर मारा, बॅटरी भरून येईल. वाटेत वडापाव खा.

चकली
वडापावचं अनुमोदन. बाकीचं माहीत नाही.

विद्युतमामा
घोडबंदरींचं म्हणणं अर्धं खरं आहे. आयडलवर अल्टरनेटर त्याच्या छापील क्षमतेच्या निम्म्यानेही पुष्कळदा देत नाही, आणि पावसात रात्री सगळं लावलं की जेवढं बनतं तेवढं तिथल्या तिथे संपतं. पण हिशोब बघा. सेल्फ मारायला दीडशे अँपिअर लागले तरी ते दोन सेकंद लागतात. म्हणजे जेमतेम ०.०८ अँपिअर-अवर. एवढं तर ट्रॅफिकमध्येही काही मिनिटांत परत भरतं. आणि ट्रॅफिकमुळे बॅटरी मरत असती तर धागाकर्त्यांची गाडी बुधवारी, गुरुवारी पण बंद पडली असती. त्यांची पडते ती फक्त उभी राहिल्यावर. हे वाक्य त्यांनी स्वतःच लिहिलंय आणि आपण सगळे त्यावरून उडी मारून पुढे गेलो.

सीवूड्सवाली
हेच लिहायला आले होते. उभी असताना मरते म्हणजे कोणीतरी रात्री करंट पितंय. आमच्याकडे डिकीतला दिवा होता. डिकी बंद केल्यावर तो विझतो असं सगळे धरून चालतात, पण आत बसून कोण बघणार? नवरा म्हणाला मी बसतो, मी म्हटलं मग बाहेरून कोण उघडणार हा प्रश्न आधी सोडवू. शेवटी फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून फोन डिकीत ठेवला आणि डिकी लावली. बाहेर काढून बघितलं तर पूर्ण व्हिडिओभर दिवा लख्ख, आमची स्टेपनी आणि मुलाची हरवलेली बॅडमिंटन रॅकेट दोन्ही स्पष्ट. लॅचमधला स्विच गेला होता. ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्यालाही हीच परीक्षा.

ढोलीतला_पोपट
नवऱ्याला आत बसवून व्हिडिओ काढायला हवा होता ताई. इथे व्ह्यूज मिळाले असते.

ईव्ही_ऐरोली
हे सगळं वाचून एवढं छान वाटतंय काय सांगू. ना अल्टरनेटर, ना बेल्ट, ना सेल्फ. पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्या मंडळी, हे धागेच बंद होतील.

गावठी_इंजिनेर
ऐरोलीकर, बॉनेट उघडून बघा. तुमच्याही गाडीत बारा व्होल्टची छोटी बॅटरी आहे. दारांची कुलुपं, डॅशबोर्ड, मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (ती जोडणारे स्विच), सगळं तिच्यावर चालतं. तुमच्याकडे अल्टरनेटरच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर आहे एवढाच फरक. ती छोटी बसली की खाली मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी हूं की चूं करत नाही.

ईव्ही_ऐरोली
हे विकताना कोणी सांगितलं नाही :(

कासारवडवलीकर
सर्वांचे आभार. मीटर घेतला. आकडे असे :
सोमवारी सकाळी गाडी न हलवता ११.९. मित्राचा चार्जर आणून बॅटरी भरली, काही तास तशीच ठेवून मोजली तर १२.७. सेल्फ मारताना १०.४ पर्यंत उतरली. इंजिन चालू : १४.१. सगळा लोड लावून : १३.६. इंजिनाच्या अर्थवर सेल्फ मारताना ०.०७. टर्मिनल स्वच्छ आहेत, तरी घासून घेतले. डिकीचा व्हिडिओ काढला, काळाकुट्ट. ग्लोव्ह बॉक्सला दिवाच नाही.

म्हणजे सगळंच पास. आता?

विद्युतमामा
उत्तम. बॅटरीवाला खरं बोलत होता, बॅटरी चांगली आहे. आता गळती मोजायची.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. हे विसरलात तर मीटरचा फ्यूज उडतो. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढून क्लॅम्प आणि खुंटी यांच्या मधे मीटर जोडा, म्हणजे गाडी जे काही पिते ते मीटरमधून जाईल. त्याआधी दारं बंद, किल्ली लांब घरात, बॉनेटच्या लॅचला स्विच असेल तर तो पेचकसने दाबून बंद. अशा अवस्थेत दार उघडायचं नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडीतली कंट्रोल युनिटं लगेच झोपत नाहीत. अर्धा-पाऊण तास थांबा. शेवटी ०.०२ ते ०.०५ अँपिअरवर येऊन थांबला पाहिजे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, तिथे चोर.

तुर्भे_स्टोअर
यात एक पुस्ती. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला स्टीरिओ, रिव्हर्स कॅमेरा असलं काही असेल तर आधी तेच काढा. दुकानदार पोरं घाईत डॅशकॅमची वायर चोवीस तास करंट असलेल्या फ्यूजवर टोचतात. आमच्या दुकानाबाहेर टेम्पो उभे असतात, त्यातल्या बॅटरीच्या निम्म्या तक्रारी बाहेरच्या फिटिंगच्या.

कासारवडवलीकर
तासभर थांबलो. ०.४२ अँपिअर. डॅशकॅम नाही, ट्रॅकर नाही. केबिनमधले सगळे फ्यूज एकेक करून काढले, मग बॉनेटखालच्या पेटीतले. स्टीरिओचा काढल्यावर ०.४१ झालं. बाकी कशानेही काटा हलला नाही. सगळे फ्यूज बाहेर, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले, आणि मीटर तरी ०.४१ दाखवतोय. वॉचमन येऊन विचारून गेला की गाडी विकताय का.

ढोलीतला_पोपट
भूत आहे. लिंबू-मिरची तपासा, वायर त्यातून गेली असेल.

वाचकमात्र
एरवी फक्त वाचत असतो, आज लॉगिन केलं. ०.४२ म्हणजे फार असतं का? आकडा तर किरकोळ वाटतो.

तुर्भे_स्टोअर
०.४२ गुणिले २४, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ म्हणजे अडीच दिवस, पंचवीस गेले. उरलेल्या दहात सेल्फ कुठून फिरणार? सोमवारचं ११.९ त्याच हिशोबात बसतं.

गावठी_इंजिनेर
थांबा थांबा थांबा. धागा पुन्हा वरून वाचला. एफएमवर कुईऽऽ आवाज येतो असं लिहिलंय ना? अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्या आवाजाची पट्टी चढते का?

कासारवडवलीकर
हो! दाबला की चढतो, सोडला की उतरतो. त्याचा काय संबंध?

गावठी_इंजिनेर
सगळाच संबंध आहे. अल्टरनेटर आतून एसी बनवतो, तीन फेजचा. डायोडची प्लेट त्याचं डीसी करते. एखादा डायोड बिघडला की डीसीमध्ये एसीची लहर मिसळते आणि ती स्टीरिओतून ऐकू येते. इंजिनाच्या वेगाबरोबर आवाज चढतो तो म्हणूनच. व्होल्टेज मात्र १४.१ दिसत राहतं, कारण रेग्युलेटर सरासरी सांभाळून घेतो.

आणि तुमच्या सगळ्या फ्यूजना दाद न देणारी एक जाडजूड वायर असते : अल्टरनेटरच्या बी प्लस नटापासून थेट बॅटरीकडे. बऱ्याच गाड्यांत ती पेटीतल्या छोट्या फ्यूजमधून जातच नाही, बोल्टने आवळलेल्या मोठ्या फ्यूज-पट्टीतून जाते. आपण ती काढत नाही.

सोसायटीवाल्यांच्या भाषेत : बॅटरी ही गच्चीवरची टाकी, अल्टरनेटर हा पंप आणि डायोड म्हणजे पाइपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंप दिवसा टाकी झकास भरतोय, पण व्हॉल्व्ह गळका असल्यामुळे रात्री पाणी त्याच पाइपाने खाली उतरतंय.

विद्युतमामा
शाब्बास रे इंजिनेर. कुईऽऽ माझ्या नजरेतून सुटलं होतं. दोन परीक्षा घ्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीच्या खुंट्यांवर टेकवा. चांगल्या अल्टरनेटरला ०.१ च्या आसपास किंवा कमी येतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोडवर शिक्का. एक सूचना : काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसीला लावले की काहीच्या बाही आकडा दाखवतात. म्हणून इंजिन बंद असतानाही एकदा एसीवर वाचून बघा. तेव्हा शून्य आलं तर मीटरवर विश्वास ठेवा.

दुसरी पक्की परीक्षा : इंजिन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरच्या मागचा बी प्लस नट सोडवून वायर बाजूला घ्या, तिच्या डोळ्याला टेप गुंडाळा. मग पुन्हा निगेटिव्हला मीटर जोडून गळती मोजा. आणि ती वायर मोकळी असताना गाडी चालू करायची नाही.

गळती मोठी असेल तर मीटरशिवायही कळतं. रात्रभर थंड पडलेल्या गाडीत सकाळी अल्टरनेटरच्या पाठीवर हात ठेवा. आजूबाजूचं इंजिन गार आणि तो कोमट लागला तर समजून जा.

सीवूड्सवाली
अंगावर काटा आला. सीआयडी बघतेय असं वाटतंय.

सानपाडा_डाऊन
धागा चांगला चाललाय म्हणून मधेच विचारते. माझी गाडी स्मार्ट हायब्रिडवाली आहे. चालू असताना लायटरच्या सॉकेटमधला छोटा मीटर कधी १२.८, कधी १४.६ दाखवतो. एका ठिकाणी अल्टरनेटर बदला म्हणाले. माझेही डायोड का?

गावठी_इंजिनेर
ताई, बदलू नका. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो. पेट्रोल वाचवायला बॅटरी भरलेली असताना व्होल्टेज मुद्दाम खाली ठेवतो आणि तुम्ही ब्रेककडे वळलात किंवा पाय उचललात की वर चढवतो. अशा गाडीला '१४ नाही म्हणजे अल्टरनेटर गेला' हा नियम लावता येत नाही. हेडलाइट लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच व्होल्टेज चढतं. खात्री हवी असेल तर स्कॅनर लावणाऱ्याकडे जा. आणि तुमच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर असेल तर चार्जर किंवा जंपरची काळी वायर थेट खुंटीला लावू नका, बॉडीच्या किंवा इंजिनाच्या धातूला लावा. म्हणजे किती करंट आत गेला ते सेन्सरला मोजता येतं.

घोडबंदरी
जंपरचा विषय निघालाच आहे तर क्रम कोणीतरी नीट लिहा. आमच्याकडे दर पावसाळ्यात दोन शेजारी ठिणग्या पाडत उभे असतात.

तुर्भे_स्टोअर
लाल : आधी मेलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस. काळी : चांगल्या बॅटरीचा मायनस, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्या तोंडाशी नको. काढताना बरोबर उलटा क्रम. धक्का स्टार्ट मॅन्युअलमध्येच, दुसऱ्या गिअरला. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून फक्त ढकलणाऱ्यांचा व्यायाम होतो.

कासारवडवलीकर
मंडळी, निकाल. एसीवर इंजिन बंद असताना ०.००, चालू असताना लोड लावून ०.९. बी प्लसची वायर सोडवल्यावर गळती ०.०३. पुन्हा जोडली, ०.४२. खात्रीसाठी परत सोडवली, ०.०३. अल्टरनेटरची पाठ सकाळी कोमट लागली की मला तसं वाटायला लागलं ते मात्र सांगता येणार नाही.

चकली
टाळ्या!!

पाचपाखाडी
म्हणजे पहिला गॅरेजवालाच बरोबर होता की. अल्टरनेटर गेला म्हणाला होता, अल्टरनेटरच गेला. उगीच त्याला नावं ठेवली.

विद्युतमामा
१४.१ बघून 'गेला' म्हणणारा माणूस प्रत्येक गाडीला तेच सांगतो, कधीतरी बरोबर यायचंच. मात्र त्याने चालू इंजिनाजवळ कान देऊन घरघर ऐकली असेल आणि तुम्हाला सांगायचा कंटाळा केला असेल, तर मी शब्द मागे घेतो. असे कानाचे पक्के मिस्त्री मी पाहिलेत. तरीही चौदा हजारांचा नवा नग लागतोच असं नाही. अल्टरनेटर खाली उतरवून फक्त डायोडची प्लेट बदलता येते. उघडलाच आहे तर कार्बन ब्रश किती उरलेत ते बघा, बेअरिंग बोटाने फिरवून खरखर लागते का ते बघा.

पिवळाफलक
आता माझं ऐका. कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या लाइनमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, त्यांचं हे रोजचं काम. समोर बसून करून घ्या. डायोड प्लेट, ब्रश, मजुरी धरून माझ्या गाडीचं अडीच हजारांत झालं होतं. 'रेडी पीस देतो, तुमचा जुना ठेवा' म्हणाले तर घेऊ नका. तुमच्या चांगल्या रोटर-स्टेटरच्या (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या आणि स्थिर भागांच्या) बदल्यात कोणाचा तरी जळका गळ्यात पडतो.

खाडीकाठचा
इथे माझी असहमती. माझ्या गाडीचा अल्टरनेटर असाच दुरुस्त केला होता आणि पावसाळ्याच्या आत पुन्हा गेला, प्लेट भंगार दर्जाची होती. गाडी बरीच वर्षं ठेवणार असाल तर कंपनीचा नवा घ्या. विकणार असाल तर दुरुस्ती.

पिवळाफलक
प्लेट चांगल्या कंपनीची टाका ना मग. मिस्त्रीने आणलेली स्वस्तातली टाकली की असंच होणार.

कासारवडवलीकर
दुरुस्ती केली. जुनी प्लेट मिस्त्रीने माझ्यासमोर टेबलावर मीटर लावून तपासली. एक डायोड दोन्ही बाजूंनी रस्ता देत होता, त्याच्या पायाशी सोल्डर काळं पडलेलं. एक ब्रशही झिजून जेमतेम उरला होता, तोही बदलला. आता एसीवर ०.०५, गळती ०.०३, आणि एफएमवर फक्त जाहिराती ऐकू येतात.

बॅटरी मधल्या काळात वारंवार रिकामी झाली, तिचं काय करू? हायवेवर नेऊन भरू का?

विद्युतमामा
नको. रिकामी बॅटरी भरायचं काम अल्टरनेटरवर टाकलं की तो तापतो, आणि तुमचा आत्ताच ऑपरेशन होऊन आलाय. मित्राचा चार्जर पुन्हा आणा, साडेतीन अँपिअरच्या आसपास लावून रात्रभर हळू भरा. खोली हवेशीर हवी. बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं आणि मग क्षमता परत येत नाही. एकदा पूर्ण भरून दोन दिवस सोडून मोजा. १२.५ च्या वर राहिली तर वाचली.

घोडबंदरी
म्हणजे पडघ्याचा वडापाव रद्द?

चकली
वडापाव गाडीच्या तब्येतीवर अवलंबून नसतो.

वाचकमात्र
तो कळंबोलीचा मिस्त्री कुठे बसतो?

पिवळाफलक
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

सानपाडा_डाऊन
मलाही.

घोडबंदरी
मलाही. ठाण्याच्या बाजूला कोणी असेल तर तोही.

नवा_कोपरखैरणे
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्या गाडीत उलटं आहे. हायवेवर बॅटरीचा दिवा मधेच लुकलुकतो, स्टीअरिंग जड होतं, मग आपोआप बरं होतं. पावसात जास्त. अल्टरनेटर बदलू का?

ढोलीतला_पोपट
आला का हा! वर दोनशे ओळी लिहिल्यात त्या कोणासाठी?

विद्युतमामा
पोपटा, नवीन माणूस आहे. कोपरखैरणेकर, तुमचा नवा धागा काढा, इथे गल्लत होईल. येताना एवढं बघून या : बेल्ट ओला झाल्यावर किंचाळतो का, अल्टरनेटरच्या मागचा प्लग हलवला की दिवा लागतो का, आणि इंजिन सुरू करण्याआधी नुसती किल्ली फिरवल्यावर तो दिवा पेटतो का.